शस्त्र, सावधानता आणि गृहस्थधर्म

नेर-परसोपंत हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. अमरावतीहून यवतमाळकडे जाणारा रस्ता या गावातून जातो आणि भोवतालच्या खेड्यांचा कापूस, सोयाबीन व तूर यांच्या विक्रीतून येणारा पैसा येथील बाजारपेठेत खेळतो. दसऱ्यानंतर कापूस घरात येऊ लागला की कापड, किराणा, कृषी सेवा केंद्र आणि सराफी अशा सर्वच दुकानांच्या गल्ल्यात रोख रक्कम वाढते. पुढे दुकान आणि मागे किंवा वर घर अशी जुनी रचना अशा गावांत अजूनही आढळते. त्यामुळे रात्री शटर ओढताना व्यापाऱ्याच्या मनात गल्ल्याची चिंता असते आणि तिच्याच पाठीशी घरातील वृद्ध मातापित्यांची व मुलाबाळांचीही चिंता असते.

एखाद्या गावी जबरी चोरी झाल्याचे वृत्त आले की पेढीवर हमखास एक प्रश्न निघतो : पिस्तुलाचा परवाना काढावा काय? प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र त्याचे उत्तर बहुधा अर्धेच दिले जाते. परवाना कसा मिळेल, ओळख कोणाची आहे, किंमत किती पडेल, एवढ्यावर चर्चा संपते. ते शस्त्र कसे हाताळायचे, कोठे ठेवायचे, केव्हा उचलायचे आणि विशेषतः केव्हा उचलायचे नाही, हा त्या प्रश्नाचा मोठा भाग मात्र अनुत्तरितच राहतो.

तीन घटना, एक बोध

महाराष्ट्रातील अलीकडच्या तीन घटना या दृष्टीने विचारात घेण्याजोग्या आहेत.

२९ जुलै २०२१ रोजी विरार येथे एका खासगी बँकेच्या शाखेत कामकाजाची वेळ संपल्यानंतर हल्ला झाला. शाखेत दोन महिला कर्मचारी होत्या. त्यांपैकी एकीचा मृत्यू झाला व दुसरी गंभीर जखमी झाली. पोलिसांनी अटक केलेला आरोपी हा त्याच शाखेचा माजी व्यवस्थापक होता. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी मुंबईतील दहिसर येथे भारतीय स्टेट बँकेच्या शाखेत भर दुपारी दोन तरुण शिरले. त्यांनी झाडलेल्या गोळीने कंत्राटी सेवेतील एक तरुण कर्मचारी मृत्युमुखी पडला. लुटलेली रक्कम सुमारे अडीच लाख रुपयांची होती आणि आरोपी काही तासांतच पकडले गेले. ४ जून २०२३ रोजी सांगली-मिरज रस्त्यावरील एका मोठ्या सराफी दालनात पोलीस असल्याची बतावणी करून टोळी शिरली आणि नंतर पिस्तुले बाहेर काढून तिने दागिने लुटले.

पहिल्या घटनेतील आरोपी ओळखीचा होता, दुसऱ्या घटनेतील अनोळखी होते आणि तिसऱ्या घटनेत ते विश्वासाचा वेष धारण करून आले. परंतु तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती : पहिली चाल लुटारूंची होती. वेळ, जागा आणि पद्धत त्यांनी निवडली होती. ज्याच्यावर हल्ला होतो तो त्या क्षणी हिशेब लिहीत असतो, ग्राहकाशी बोलत असतो किंवा घरी निघण्याच्या तयारीत असतो. कपाटात वा खणात ठेवलेल्या शस्त्राला हे अंतर भरून काढता येत नाही.

हे अंतर किती असते याचा विचार अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी केला. चाकू घेतलेला धडधाकट मनुष्य एकवीस फूट, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो, आणि प्रशिक्षित पोलिसालाही कमरेचे पिस्तूल काढून नेम धरून गोळी झाडण्यास साधारण तितकाच वेळ लागतो, हा त्यांचा निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाला. दुकानातील गल्ल्याची रुंदी तीन-चार फुटांपेक्षा अधिक नसते. समोरच्याने शस्त्र आधीच रोखलेले असेल, तर खणाकडे जाणारा हात बहुधा स्वतःच्याच घाताला कारण ठरतो. शस्त्रशिक्षणाचा पहिला पाठ हाच आहे की शस्त्र प्रत्येक प्रसंगी उपयोगी पडत नाही.

कायद्याची मर्यादा

आत्मसंरक्षणाचा हक्क भारतीय कायद्याने नाकारलेला नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये हा हक्क सांगितला आहे. पूर्वीच्या दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. स्वतःच्या व इतरांच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हा हक्क आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग आणि मृत्यू वा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारी चोरी वा गृह-अतिक्रमण अशा प्रसंगी तो हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही पोहोचू शकतो.

एवढे वाचून पुष्कळजण पुस्तक मिटतात. त्यापुढील मर्यादा अधिक महत्त्वाच्या आहेत. पोलिसांची मदत घेण्यास पुरेसा अवकाश असेल तर हा हक्क उरत नाही. रक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. जबरी चोरीच्या प्रसंगी तात्काळ मृत्यूची, दुखापतीची किंवा अटकावाची भीती जोवर असते तोवरच हा हक्क टिकतो. लुटारू पाठ फिरवून मोटारसायकलवर बसला आणि धोका टळला, तर मागून झाडलेली गोळी रक्षणासाठी झाडली असे म्हणणे फार कठीण जाते. न्यायालय तिच्याकडे सूड म्हणून पाहू शकते.

२०१० साली सर्वोच्च न्यायालयाने दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. शेतजमिनीच्या वादात वडिलांवर गंडाशाने हल्ला झाला असता मुलाने बंदूक चालवली होती आणि न्यायालयाने त्यास निर्दोष ठरविले. संकटात सापडलेल्या मनुष्याने प्रतिकाराचे माप तंतोतंत मोजावे अशी अपेक्षा न्यायालय करीत नाही. तथापि हा हक्क संरक्षणासाठी आहे, प्रत्याघातासाठी नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले गेले. शिवाय आत्मसंरक्षणाचा बचाव घेणाऱ्यालाच तो न्यायालयात दाखवून द्यावा लागतो. तोपर्यंतचा काळ पोलीस चौकशी, जप्त झालेले शस्त्र आणि तारखा यांत जातो. जो शस्त्र बाळगतो त्याने ही किंमत आधीच हिशेबात धरली पाहिजे.

परवाना म्हणजे जबाबदारी

शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार नेर येथील रहिवाशाचा अर्ज यवतमाळच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि पोलिसांच्या अहवालानंतर त्यावर निर्णय होतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. शेताच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना निराळा असतो. रानडुकरांच्या त्रासापायी घेतलेली ती बंदूक आणि दुकानाच्या रक्षणासाठी मागितलेले पिस्तूल यांची गल्लत करता कामा नये.

२०१६ च्या नियमांनी शस्त्रसुरक्षेच्या प्रशिक्षणाला परवान्याच्या प्रक्रियेत स्थान दिले आहे. सुरक्षित हाताळणी, साठवण, वाहतूक, निगा आणि कायद्याची माहिती हे त्याचे विषय आहेत. हे प्रशिक्षण केवळ प्रमाणपत्रापुरते उरकणे म्हणजे पोहणे न शिकता विहिरीत उतरण्यासारखे आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते म्यानात किंवा पिशवीत पूर्ण झाकलेले असावे असाही नियम आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवान्याच्या खटपटीला कंटाळून देशी कट्टा घेण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. त्याची नळी चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकते आणि विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणाऱ्यास कारावास भोगावा लागतो.

हाताळणीचे चार नियम

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांना मुंबईतील राहत्या घरी स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. प्रवासाला निघण्यापूर्वी शस्त्र कपाटात ठेवताना ते हातातून पडले, असे त्यांच्या वतीने सांगण्यात आले. घरात चोर नव्हता, शत्रू नव्हता. सुदैवाने त्यांच्या जिवावर बेतले नाही. परंतु शस्त्रापासून पहिला धोका ते बाळगणाऱ्या घरालाच असतो, हे या घटनेने सर्वांसमोर ठेवले.

हे टाळण्यासाठी जगभरच्या नेमबाजी केंद्रांत चार नियम शिकवले जातात. पहिला, प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे मानावे, दुसऱ्याने रिकामे म्हणून हाती दिले तरीही. दुसरा, ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळीचे तोंड क्षणभरही वळवू नये. तिसरा, नेम धरून गोळी झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापावर ठेवू नये, ते चापाच्या बाहेर सरळ असावे. चौथा, लक्ष्य कोण आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे नीट पाहिल्याशिवाय गोळी झाडू नये. या चारांपैकी एखादा नियम चुकला तरी उरलेले तीन बहुधा जीव वाचवतात. चुका एकावर एक साचल्या की मात्र अपघात घडतो.

यंत्राची समजही आवश्यक आहे. पिस्तुलातील मॅगझीन काढले म्हणजे ते रिकामे झाले, हा सर्वांत घातक गैरसमज होय. नळीच्या मागच्या कप्प्यात एक काडतूस राहिलेले असू शकते. म्हणून प्रथम मॅगझीन काढावे, मग वरचा भाग मागे ओढून कप्पा डोळ्यांनी पाहावा आणि बोटाने चाचपावा. रिव्हॉल्व्हरची चकरी उघडून तिचे प्रत्येक घर स्वतंत्रपणे तपासावे. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो. असे शस्त्र पडले तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. म्हणून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची पद्धत पडली. चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर नळीत डोकावण्याची घाई करू नये. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून अर्धा मिनिट थांबावे, कारण काडतूस उशिरा पेटू शकते.

साठवणीबाबत बँकेतील एक जुनी शिस्त घरातही उपयोगी आहे. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. त्याचप्रमाणे शस्त्र एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात असावीत, व किल्ल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा असाव्यात. उशीखालचे भरलेले पिस्तूल झोपेत असलेल्याचे रक्षण करीत नाही. कर्ज, आजार किंवा कलह यांनी खचलेला मनुष्य घरात असेल, तर त्या काळात शस्त्र घरात न ठेवणेच शहाणपणाचे. ते पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करता येते.

लुटारू समोर उभा असताना

दुकानात शस्त्र रोखले गेले, तर हात दिसतील असे ठेवावेत. प्रत्येक हालचाल आधी बोलून दाखवावी : आता गल्ला उघडतो, आता किल्ली काढतो. वाद घालू नये, धमकी देऊ नये. लुटारूच्या बाहेर पडण्याच्या वाटेत उभे राहू नये. त्याचा चेहरा रोखून न पाहता उंची, बोली, हातावरील खूण, पादत्राणे, वाहन यांकडे लक्ष द्यावे. तो गेल्यावर पाठलाग करू नये. दार लावून ११२ क्रमांकावर कळवावे, वस्तूंना हात लावू नये, सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवावे आणि प्रत्येकाने आपल्याला दिसले तेवढे वेगळे लिहून काढावे. एकमेकांत चर्चा केली की आठवणी एकमेकांत मिसळतात.

रात्री घरात कोणी शिरल्याची चाहूल लागली, तर अंधारात शोध घेत हिंडण्यापेक्षा सर्वांनी एका आतल्या खोलीत जमावे, आतून कडी लावावी आणि ११२ ला फोन करावा. ही खोली कोणती, फोन कोण करणार, आजीला कोण आणणार, हे आधीच ठरलेले असावे. घरात परवान्याचे शस्त्र असेल, तर ते त्या बंद दाराच्या आत, अखेरचा उपाय म्हणून असावे. मोठ्या आवाजात इशारा द्यावा. दाराबाहेरची व्यक्ती उशिरा परतलेला मुलगा असू शकतो, हाक ऐकून आलेला शेजारी किंवा गुरखाही असू शकतो. ओळख पटल्याविना झाडलेली गोळी परत घेता येत नाही. एखाद्यावर गोळी झाडण्याची वेळ आलीच, तर धोका टळताच थांबावे, पोलिसांना व रुग्णवाहिकेला बोलवावे. जखमी हल्लेखोरही त्या क्षणापासून उपचारास पात्र असा मनुष्य असतो.

भीतीच्या क्षणी हात थरथरतात, नजर आकसते, कानांवर आवाज पडत नाहीत. वर्षातून एकदा दसऱ्याला पूजेसाठी काढलेले पिस्तूल अशा वेळी चालवता येईल हा भ्रम आहे. ज्याला अधिकृत केंद्रावर नियमित सराव करणे शक्य नाही, त्याने शस्त्र न घेणे हा अधिक धैर्याचा निर्णय ठरेल.

अहिंसा आणि अप्रमाद

अहिंसेचे व्रत घेतलेल्या कुटुंबाने शस्त्राचा विचार तरी करावा काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. जैन आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले आहेत. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा वर्ज्य आहे. आक्रमणाच्या वेळी आश्रितांच्या रक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा मात्र गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे परंपरेने ओळखले आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवून घेणारे चामुंडराय हे गंग राजांचे सेनापती होते. त्या मूर्तीच्या पायाशी त्यांच्या नावाचा मराठी लेख आहे.

पण परंपरेने दिलेली ही सवलत अटींची आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीबरोबर प्रमादाला, म्हणजे बेसावध व कषाययुक्त वृत्तीला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात निरर्थक पापाच्या प्रकारांत हिंसेची साधने दुसऱ्याला देणे म्हणजे हिंसादान आणि बेफिकीर वागणे म्हणजे प्रमादचर्या यांची गणना आहे. आजचा शस्त्र कायदाही आपले शस्त्र दुसऱ्यास वापरायला देण्यास मनाई करतो, आणि नेमबाजी केंद्रातील चारही नियम प्रमादाविरुद्धच आहेत. मुलाच्या हाती लागेल असे ठेवलेले पिस्तूल ही घडून गेलेल्या हिंसेचीच पूर्वतयारी होय, मग गोळी सुटो वा न सुटो.

खरी तटबंदी

म्हणून शस्त्रापूर्वीचे उपाय आधी पूर्ण करावेत. रोकड रोजच्या रोज बँकेत भरावी. भरणा करण्यास जाताना वेळ व वाट बदलावी आणि एकट्याने जाऊ नये. रकमेची चर्चा पेढीवर करू नये. नोकर ठेवताना पोलीस पडताळणी करावी आणि माजी नोकराकडील किल्ली परत घेतल्यावरही कुलूप बदलावे. विरारचा धडा हाच आहे. गणवेशातील व्यक्तीकडे ओळखपत्र मागावे आणि पोलीस ठाण्यात फोन करून खात्री करावी, हा सांगलीचा धडा. दागिने लॉकरमध्ये ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, दरोडा वा बँक कर्मचाऱ्यांची फसवणूक यांमुळे लॉकरमधील ऐवजाची हानी झाल्यास बँकेची भरपाईची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत आहे. यापलीकडच्या मूल्यासाठी दागिन्यांचा स्वतंत्र विमा घ्यावा. व्यापाऱ्यांसाठी घरफोडीचा, वाहतुकीतील रोकडीचा आणि सराफांसाठी खास असे विमे उपलब्ध आहेत.

दहिसरला अडीच लाखांसाठी एका तरुणाचा जीव गेला. रक्कम पुन्हा मिळवता येते, विम्यातून भरून निघते आणि अखेर खतावणीत नुकसान म्हणून लिहिताही येते. मनुष्य मात्र कोणत्याही खात्यात पुन्हा जमा होत नाही. नेरच्या बाजारपेठेत रात्री शटर ओढणाऱ्या गृहस्थाने कुलूप लावताना हे एवढे स्मरावे, की गल्ला वाचवण्यासाठी शस्त्र कधीच उचलायचे नाही. जीव वाचवण्याची वेळ आली आणि दुसरा मार्ग उरला नाही, तरच ते उचलायचे. आणि त्या वेळी हात स्थिर राहावा म्हणून शांततेच्या दिवसांत शिकून घ्यायचे.